मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट वाचताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मेंदूतील गाठीच्या रिपोर्टविषयी आहेत. पूर्वी अशा रिपोर्टमध्ये गाठीचे नाव आणि ग्रेड, म्हणजे तिच्या आक्रमकतेची १ ते ४ पैकी पायरी, एवढेच असे. आता त्याखाली आयडीएच, एमजीएमटी, १पी/१९क्यू अशी अक्षरे येतात आणि घरातली माणसे रात्र रात्र मोबाइलवर त्यांचा अर्थ शोधत बसतात. मी न्यूरोपॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा ज्या टेबलावर तपासला जातो, तिथे माझे काम चालते. निवडलेली सर्व पत्रे ग्लायोमा, म्हणजे मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठी, या गटाविषयी आहेत, त्यामुळे उत्तरेही त्याच गटापुरती समजावीत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूचे ऑपरेशन झाले. रिपोर्टमध्ये ‘ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच वाइल्ड टाइप, ग्रेड ४’ असे आहे आणि शेवटच्या ओळीत ‘एमजीएमटी प्रमोटर : मिथिलेटेड’ असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणाले, मिथिलेटेड आहे हे चांगले आहे. चांगले म्हणजे किती? त्यांच्या हातात किती काळ आहे, हे या तपासणीतून कळते का? मुलीचे लग्न ठरवायचे आहे, म्हणून विचारते आहे. — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही स्पष्ट विचारले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या गाठींपैकी सर्वांत आक्रमक गाठींमध्ये मोडते आणि आजच्या उपचारांनी ती बहुधा पूर्ण बरी होत नाही. (‘आयडीएच वाइल्ड टाइप’ म्हणजे आयडीएच या जनुकात बदल नाही. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.) ‘मिथिलेटेड’ या शब्दामुळे हे मूळ वास्तव बदलत नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांनी ‘चांगले’ म्हटले ते उगाच धीर देण्यासाठी नव्हे. त्यामागे कारण आहे.

टेमोझोलोमाइड हे केमोचे औषध गाठीच्या पेशीतील डीएनएवर ठरावीक जागी एक छोटा रासायनिक गट चिकटवते आणि त्या इजेमुळे पेशी मरते. पण पेशीकडे अशा इजेची डागडुजी करणारे एक प्रथिन असते, त्याचे नाव एमजीएमटी. औषधाने केलेली इजा ते काढून टाकते आणि औषध वाया जाते. काही गाठींमध्ये मात्र हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, मिथिल गट बसलेले असतात आणि त्यामुळे ते जनुक बंद पडलेले असते. डागडुजी करणाराच हजर नाही, तेव्हा औषधाचे काम सुकर होते. रिपोर्टमधल्या ‘मिथिलेटेड’ या शब्दाचा एवढाच अर्थ आहे.

याचा हिशेब प्रथम २००५ मध्ये नीट मांडला गेला. युरोप आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीत नुसते किरणोपचार, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात, आणि किरणोपचारांसोबत टेमोझोलोमाइड अशी तुलना केली होती. त्यातील २०६ रुग्णांच्या गाठींची एमजीएमटी तपासणी झाली, तेव्हा सुमारे ४५ टक्के गाठी मिथिलेटेड निघाल्या. मिथिलेटेड गाठ असून दोन्ही उपचार मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान २१.७ महिने होते आणि त्यांच्यातले सुमारे ४६ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. गाठ मिथिलेटेड नसलेल्यांना दोन्ही उपचार मिळूनही मध्यक १२.७ महिनेच होते.

येथे ‘मध्यक’ या शब्दावर थांबणे भाग आहे, कारण घरोघरी गैरसमज होतो तो याच शब्दामुळे. २१.७ महिने म्हणजे त्या गटातील निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले. ती कोणाच्या आयुष्याची मुदत नाही. त्याच चाचणीत एकत्रित उपचार घेतलेल्या सर्व रुग्णांपैकी, म्हणजे मिथिलेटेड आणि बिगर-मिथिलेटेड दोन्ही धरून, ९.८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. शिवाय त्या चाचणीत ७० वर्षांपर्यंतचे आणि प्रकृतीने बऱ्यापैकी धडधाकट असलेले रुग्णच घेतले होते. यजमानांचे वय, ऑपरेशनमध्ये गाठ किती निघाली, ते स्वतःचे स्वतः चालतात-फिरतात का, या गोष्टींचे वजन एमजीएमटीइतकेच, कधी त्याहून जास्त असते, आणि यांपैकी एकही गोष्ट माझ्या स्लाइडवर दिसत नाही.

तेव्हा ‘या तपासणीतून त्यांचा काळ कळतो का’ याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘पुढचे औषध लागू पडण्याची शक्यता जास्त आहे का’ याचे उत्तर मात्र ‘हो’ आहे. लग्नाबद्दल माझे मत विचाराल, तर मी ते लांबवणार नाही. सहा आठवड्यांचा शेक संपल्यावर पुढच्या गोळ्यांच्या आधी साधारण महिनाभराची विश्रांती असते, आणि नंतरच्या गोळ्याही २८ दिवसांतून पाचच दिवस घ्यायच्या असतात. थकवा केव्हा कमी असेल आणि स्टेरॉइडचा डोस केव्हा उतरेल, याचा अंदाज तुमचे डॉक्टर देऊ शकतील. त्यांना तारीख धरण्यासाठीच म्हणून विचारा. मोघम विचारलेत, तर उत्तरही मोघम मिळेल.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे २०१२ मध्ये ऑपरेशन झाले. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये ‘ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ३’ असे होते. तिने शेक घेतला आणि इतकी वर्षे ती नोकरी करत होती. आता गाठ पुन्हा आली. नव्या रिपोर्टमध्ये ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आयडीएच म्युटंट, १पी/१९क्यू कोडिलीटेड’ असे लिहिले आहे. पहिला रिपोर्ट चुकला होता का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : पहिला रिपोर्ट त्या काळाच्या नियमांनुसार बरोबर होता. हे मी व्यवसायबंधूंची पाठराखण करण्यासाठी लिहीत नाही. मीही त्या काळात हे नाव लिहिलेले आहे.

मायक्रोस्कोपखाली ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या पेशी ओळखीच्या दिसतात. भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्यात मधोमध ठिपका असतो, तसे प्रत्येक पेशीत गोल, गडद केंद्रक आणि भोवती मोकळे वलय दिसते. अ‍ॅस्ट्रोसायटोमाच्या पेशी वेड्यावाकड्या, तंतू फुटलेल्या असतात. पण बऱ्याच गाठींत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी आढळत आणि अशा गाठीला आम्ही ‘ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा’ असे मिश्र नाव देत असू. एकच स्लाइड दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टना दाखवली, तर दोन निदाने येत, हे आमच्या क्षेत्रातले जुने दुखणे होते.

ते दुखणे जनुकीय खुणांनी बरेचसे दूर केले. २००८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २२ ग्लायोब्लास्टोमा गाठींतील वीस हजारांहून अधिक जनुके वाचली, तेव्हा आयडीएच-१ या जनुकात बदल, म्हणजेच म्युटेशन, सापडला. हा बदल असलेली गाठ म्हणजे ‘आयडीएच म्युटंट’. पेशीच्या रोजच्या चयापचयातले हे साधे जनुक कॅन्सरशी जोडलेले असेल, अशी कोणाला कल्पना नव्हती. पुढच्याच वर्षी दिसून आले की हा बदल कमी ग्रेडच्या बहुसंख्य ग्लायोमांमध्ये असतो आणि तो असलेले रुग्ण त्याच ग्रेडच्या इतर रुग्णांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगतात. यातील सर्वांत नेहमीचा बदल आम्ही साध्या रंगक्रियेने ओळखतो. बदल असेल, तर स्लाइडवर गाठीच्या पेशी तपकिरी होतात आणि शेजारची निरोगी पेशी निळीच राहते. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा निरोगी वाटणाऱ्या मेंदूत घुसलेल्या एकट्यादुकट्या तपकिरी पेशी मोजत मी बराच वेळ बसले होते. गाठ ऑपरेशनने मुळासकट का निघत नाही, हे त्या एका स्लाइडने मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा नीट समजावले.

१पी/१९क्यू म्हणजे पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आणि एकोणिसाव्याची लांब भुजा. दोन्ही भुजांची एकेक प्रत गाठीतून नाहीशी झाली असेल, तर ‘कोडिलीटेड’ म्हणतात. ही तपासणी करताना अंधाऱ्या खोलीत चमकणारे ठिपके मोजावे लागतात. निरोगी केंद्रकात दोन हिरवे आणि दोन केशरी ठिपके दिसतात. भुजा गेलेली असेल, तर हिरवे दोन आणि केशरी एकच. अशी शंभरएक केंद्रके मोजल्यावर निर्णय होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून नियम असा झाला की आयडीएच बदल आणि हा दुहेरी लोप दोन्ही असतील, तर ती गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. लोप नसेल, तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा. २०२१ च्या आवृत्तीत तर मिश्र नाव उरलेच नाही. तुमच्या बहिणीची गाठ बदललेली नाही, तिची ओळख आता पक्की झाली आहे.

आणि ही ओळख तुमच्या बाजूची आहे. ग्रेड ३ च्या अशाच गाठींसाठी अमेरिका आणि कॅनडात एक चाचणी झाली होती. त्यात नुसता शेक आणि शेकासोबत प्रोकार्बाझिन, लोमुस्टिन व विनक्रिस्टिन ही तीन औषधे, असे दोन गट होते. २००६ मध्ये पहिला निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही आणि अनेकांनी केमोची आशा सोडली. रुग्णांचा पाठपुरावा मात्र चालू ठेवला गेला. २०१३ मध्ये पुन्हा हिशेब झाला, तेव्हा दुहेरी लोप असलेल्या रुग्णांत शेक आणि केमो दोन्ही मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान १४.७ वर्षे, तर नुसता शेक मिळालेल्यांचे ७.३ वर्षे निघाले. बहिणीला २०१२ मध्ये केमो मिळाली नसेल, तर तो पर्याय तिच्यासाठी अजून शिल्लक आहे का, हा प्रश्न पुढच्या भेटीत सर्वप्रथम विचारा.

तुम्ही पत्राच्या शेवटी व्होरासिडेनिब या नव्या गोळीविषयीही विचारले आहे. बदललेल्या आयडीएचचे काम अडवणारी ही गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. तिची मुख्य चाचणी ग्रेड २ च्या, तोवर फक्त ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर झाली होती. त्यांत गाठ वाढेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला. ग्रेड ३ ची, शेक घेतलेली आणि पुन्हा उलटलेली गाठ त्या चाचणीत नव्हती, म्हणून ते आकडे बहिणीला लावू नयेत.

प्रश्न : आईचे वय ६३. बायप्सीनंतर तोंडी सांगितले गेले की गाठ कमी ग्रेडची वाटते. आम्ही देवापुढे नारळ फोडला. दोन आठवड्यांनी अंतिम रिपोर्ट आला, त्यात ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४’ असे आहे. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अदलाबदल झाली नसावी, कारण असे घडण्याचे दुसरे आणि आता नेहमीचे झालेले कारण आहे. ग्रेड ४ म्हणण्यासाठी पूर्वी आम्ही स्लाइडवर दोन गोष्टी शोधत असू, मृत पेशींचे पट्टे आणि रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ. सुईने घेतलेल्या बायप्सीचा तुकडा तांदळाच्या काही दाण्यांएवढा असतो आणि तो गाठीच्या शांत भागातून आला, तर यातले काहीच दिसत नाही. २०२१ पासूनचा नियम असा आहे की प्रौढ रुग्णाच्या अशा गाठीत आयडीएच बदल नसेल आणि टर्ट या जनुकाच्या प्रमोटरमधील बदल, ईजीएफआर जनुकाच्या जादा प्रती, किंवा सातवे गुणसूत्र वाढून दहावे कमी होणे यांपैकी एकही खूण सापडली, तर स्लाइड कितीही सौम्य दिसली तरी तिला ग्लायोब्लास्टोमाच म्हणायचे. या खुणा असलेल्या ‘सौम्य’ गाठी प्रत्यक्षात ग्लायोब्लास्टोमासारख्याच वागतात, हे पाहूनच तो नियम झाला.

रिपोर्टमध्ये यांपैकी कोणती खूण सापडली आहे, ते जरूर पाहा. फक्त टर्टचा बदल असेल आणि स्लाइड ग्रेड २ सारखी असेल, तर अशा गाठी खरोखरच तितक्या वाईट वागतात का, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, आणि तशा वेळी दुसऱ्या न्यूरोपॅथॉलॉजिस्टचे मत घेणे योग्य ठरेल. बाकी दोन खुणांबाबत मी तसे म्हणणार नाही. तोंडी अंदाज देण्याची घाई आमच्या व्यवसायाने टाळली पाहिजे. तुमच्यासारखे पत्र आले की हे फार जाणवते.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे आहेत. डॉक्टर म्हणतात, एमजीएमटीचा रिपोर्ट आल्याशिवाय उपचार ठरवता येणार नाहीत. इतके दिवस थांबणे धोक्याचे नाही का? — एक वाचक, पुणे

उत्तर : थांबा. ही तपासणी ज्यांच्या बाबतीत निर्णय खरोखर फिरवते, त्यांत तुमच्या वडिलांचे वय बसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन युरोपीय चाचण्यांतून दिसले की वृद्ध रुग्णाची गाठ मिथिलेटेड असेल, तर नुसत्या टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांवरही उपचार होऊ शकतो. नसेल, तर शेक अधिक उपयोगी ठरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांना तीन आठवड्यांचा छोटा शेक देऊन एका गटाला सोबत गोळ्याही दिल्या होत्या. मिथिलेटेड रुग्णांत मध्यक आयुर्मान ७.७ वरून १३.५ महिन्यांवर गेले. त्यामुळे रोज रुग्णालयात ने-आण झेपत नसेल, तर रिपोर्टच्या आधारे ती टाळता येईल का, हे ठरते. ऑपरेशनची जखम भरायला तसेही काही आठवडे द्यावेच लागतात.

प्रश्न : माझ्या भावाच्या गाठीत ‘आयडीएच म्युटेशन’ आहे. म्हणजे हे आमच्या घराण्यात आहे का? त्याच्या दोन मुलांची तपासणी करावी का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. हा बदल तुमच्या भावाला जन्मतः मिळालेला नाही. तो मोठेपणी मेंदूतील एखाद्या पेशीत घडला आणि तिच्यापासून वाढलेल्या गाठीपुरताच आहे. त्याच्या रक्तात किंवा मुलांपर्यंत पोचणाऱ्या पेशींत तो नसतो. मुलांची या कारणासाठी कोणतीही तपासणी करू नका. घरात कमी वयात वेगवेगळे कॅन्सर झालेली बरीच माणसे असतील, किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखा, नसांवर गाठी आणणारा आनुवंशिक आजार असेल, तर मात्र जनुकीय समुपदेशकाला भेटावे, कारण आनुवंशिक कारणाने होणाऱ्या मेंदूच्या गाठी थोड्या असल्या तरी असतात.

प्रश्न : एका खासगी लॅबने शेकडो जनुकांची तपासणी सुचवली आहे. ‘आयुर्मानाचा अचूक अंदाज मिळेल’ असे त्यांचा प्रतिनिधी म्हणाला. रक्कम मोठी आहे, शेत गहाण ठेवावे लागेल. काय करावे? — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आयुर्मानाच्या अंदाजासाठी म्हणून ही तपासणी करू नका, शेत गहाण ठेवून तर मुळीच नको.

अनेक जनुकांवरून आयुष्याचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न गंभीर संशोधकांनी केले आहेत आणि त्यात भारतीयही आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्था आणि निम्हान्स येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ग्लायोब्लास्टोमासाठी १४ जनुकांचा असा संच मांडला. पद्धत साधारण अशी असते : प्रत्येक जनुक गाठीत किती सक्रिय आहे ते मोजायचे, त्याला ठरावीक गुणकाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा आणि रुग्णांचे जास्त व कमी जोखमीचे गट करायचे. आलेखावर दोन गटांच्या रेषा वेगळ्या पडतात आणि अभ्यास यशस्वी ठरतो. या कामाचे मोल आहे, कारण गाठ आक्रमक का होते हे त्यातून कळते. पण रेषा वेगळ्या पडतात त्या गटांच्या. जास्त जोखमीच्या गटातला एखादा रुग्ण कमी जोखमीच्या गटातल्या कित्येकांपेक्षा जास्त जगतो. असे संच जगभरात बरेच प्रसिद्ध झाले आहेत आणि उपचार ठरवण्यासाठी ते रोजच्या वापरात आलेले नाहीत.

तुम्ही रुग्णाचे वय ३१ लिहिले आहे आणि साध्या रंगक्रियेत आयडीएच बदल सापडला नाही असेही लिहिले आहे. मग एक गोष्ट मात्र करा. साधी रंगक्रिया आयडीएचचा सर्वांत नेहमीचा एकच बदल पकडते. ५५ वर्षांखालील रुग्णात ती नकारात्मक आली, तर आयडीएच-१ आणि आयडीएच-२ ही जनुके वाचून पाहावीत, असे वर्गीकरणाचे नियमच सांगतात. या वयात बीआरएएफ जनुकाचा बदलही पाहण्यासारखा आहे, कारण तो सापडला तर त्याच्यावर नेमकी औषधे आहेत. एवढ्यासाठी शेकडो जनुकांचा संच लागत नाही. टाटा मेमोरियलसारख्या सार्वजनिक कॅन्सर केंद्राकडे स्लाइड आणि ब्लॉक घेऊन जा आणि कोणती तपासणी कोणता निर्णय बदलेल, हे तेथील डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : हॉस्पिटलने फाइलसोबत मेणाचा चौकोनी तुकडा दिला आहे. तो फ्रिजमध्ये ठेवायचा का? की आता टाकून दिला तरी चालेल? — एक वाचक, अमरावती

उत्तर : टाकू नका. तो ‘ब्लॉक’ आहे. मेणात बसवलेला गाठीचा खरा तुकडा त्यातच आहे. वर लिहिलेल्या जवळजवळ सर्व तपासण्या त्यातून मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे पातळ काप काढून होतात. वरील पत्रांतील नागपूरच्या बहिणीचा २०१२ चा ब्लॉक जपून ठेवलेला असेल, तर आजही त्यावर १पी/१९क्यू तपासता येईल.

फ्रिजची गरज नाही. कोरड्या, सावलीच्या जागी, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि त्याच्या बाजूवरचा बायप्सी क्रमांक पुसला जाणार नाही, याची काळजी घ्या. अमरावतीच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो विसरू नका. हे मेण साठएक अंशांना वितळते. दुसऱ्या लॅबला देताना पावती घ्या आणि काम झाल्यावर ब्लॉक परत मागा. तपासण्या अनेक असतील, तर सर्वांत गरजेची कोणती, ते आधी डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून द्या, कारण बायप्सीचा ब्लॉक छोटा असतो आणि तिसऱ्या-चौथ्या तपासणीपर्यंत त्यात नुसते मेण उरलेले मी अनेकदा पाहिले आहे.